साधं पेट्रोल

"सुपर पेट्रोल संपलं," पंपावर काम करणारा कोया म्हणाला. "वादळापासून टँकरच आलेला नाही. साधं आहे, हवं तेवढं घ्या."

दाऊदभाई पेट्रोलची नळी हातात धरून ट्रकच्या बाजूला उभे होते. टाकीचं झाकण उघडं होतं, पण नळी काही ते आत घालीनात. मागच्या सीटवर उम्म नासिर आडव्या होत्या. त्यांचा पाय मी फळीला बांधला होता आणि तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले होते. घोट्यापासून पोटरीकडे सूज चढत चालली होती. फुरश्याच्या जातीचा साप होता. त्याच्या दातांच्या दोन बारीक खुणांमधून रक्त यायचं थांबत नव्हतं.

"दाऊदभाई, भरा की! वाट कसली बघताय?"

"सिस्टर, या गाडीला साधं चालत नाय."

"आज चालेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग उम्म नासिरकडं. म्हातारीनं डोळे न उघडताच अरबीत म्हटलं, "भर रे. गाडी पाण्यावर चालत नाही, एवढं मलाही कळतं."

दाऊदभाईंनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि नळी आत सरकवली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी नगरची, एस्तेर अमोलिक. मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले. नवरा गेल्यावर लेकीच्या शिक्षणासाठी म्हणून थोड्या दिवसांकरता ओमानला गेले, ती तिथंच रुतले. डोंगराच्या कुशीत, खजुरांच्या बागांमधलं ते गाव. दोन खोल्यांचा दवाखाना, आठवड्यातून एकदा शहरातून डॉक्टर यायचे, बाकीचे दिवस मी. त्या गावात मराठी बोलणारी दोनच माणसं होती, मी आणि दाऊद परकार. ते दाभोळ खाडीच्या काठचे. उम्म नासिर, म्हणजे नासिरची आई, यांच्या घरी ड्रायव्हर होते. नासिर शाळेत जायला लागला तेव्हापासून त्याला न्यायचे-आणायचे. पुढं त्यालाच त्यांनी गाडी शिकवली. तो मोठा झाला, कमावता झाला, आणि त्यानं हा ट्रक आणवला.

ट्रक म्हणजे पुढं चार माणसांची केबिन आणि मागं उघडा हौदा. पण त्याच्या इंजिनावर नासिरनं सुपरचार्जर बसवून घेतला होता. वाळूच्या टेकड्या चढायच्या शर्यतींत तो ट्रक घेऊन जायचा आणि पहिला यायचा. गावात बाकी कुणी त्या ट्रकला बोट लावायचं नाही. दाऊदभाईंना तर त्यानं हसत हसतच बजावलं होतं, "चाचा, माझ्या अंगावर हात टाक, ट्रकवर टाकू नकोस."

त्या आठवड्यात वादळ झालं. डोंगरातून लोंढे आले आणि गावाचा डांबरी रस्ता वाहून गेला. दवाखान्याची रुग्णवाहिका ओढ्याच्या पलीकडं अडकली होती, गावातल्या बहुतेक गाड्याही तिकडंच. फोनचा मनोरा आडवा झाला होता. नासिर कामासाठी मस्कतला होता. आणि नेमकं अशात, बागेतलं पाणी काढून द्यायला गेलेल्या उम्म नासिरना साप चावला. दवाखान्यात होतं तेवढं सापाचं औषध मी टोचलं. ते पुरण्यासारखं नव्हतं. पुढचं औषध आणि रक्त शहराच्या इस्पितळात, आणि तिकडं जायला उरला होता डोंगरावरून जाणारा जुना कच्चा घाट. तो चढेल असं एकच वाहन गावात होतं.

मी आधीच्या दोन रात्री पुरात सापडलेल्या माणसांच्या जखमा शिवत जागी होते. अंगात त्राण नव्हतं. कुणीतरी मला आणि या बाईंना उचलून इस्पितळाच्या दारात ठेवावं, एवढंच मला हवं होतं.

गाव सुटल्यावर थोडा वेळ सगळं ठीक चाललं. खडकाळ सपाटी होती, ट्रक घुमत पळत होता. मग पहिला लहानसा चढ लागला. दाऊदभाईंनी पाय दाबला, आणि पुढून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून कुणी जोरजोरात हलवावेत तसा.

त्यांनी झटकन पाय उचलला. आवाज थांबला. ट्रकही रेंगाळला.

"काय झालं?"

"ठोकतंय."

"म्हणजे?"

ते समोर बघतच बोलत राहिले. "सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो, सिस्टर. जेवढा पाय दाबू तेवढी जास्त. कोंबलेल्या हवेत सुपरसारखं भारी पेट्रोल दम धरतं, ठिणगी पडली की मगच पेटतं. साध्याचा ऑक्टेन कमी, त्याला दम नाय. ते आधीच पेटतं. पिस्टन वर येत असतो आणि त्याच्या डोक्यावर हातोडा बसतो. असे हातोडे बसले की पिस्टन फुटतो. नासिर सांगायचा."

"मग?"

"मग पाय हलका ठेवायचा. हवा कोंबूच द्यायची नाय."

त्यांनी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. इंजिनावरचा भार तेवढाच कमी, म्हणाले. भट्टीसारखी हवा आत आली. मी ओढणी भिजवून उम्म नासिर यांच्या कपाळावर ठेवली. चढ आला की दाऊदभाई गियर खाली घ्यायचे आणि ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचे, की जणू खाली अंडं आहे. जरा खडे वाजले की पाय वर. ट्रक बैलगाडीच्या चालीनं जायचा. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूच्या एका मीटरच्या काट्याकडं ते पुन्हा पुन्हा बघत होते. तो काटा वर चढला म्हणजे हवा कोंबली जातेय, असं त्यांनी मला सांगितलं. त्यानंतर मीही त्याच काट्याकडं बघायला लागले. तो जागचा हलू नये म्हणून ते जपत होते, आणि मला मात्र तो हलायला हवा होता.

घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा उम्म नासिर यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मी बोळ्यानं टिपलं. बोळा लाल झाला, दुसरा घेतला, तोही झाला. ही खूण मला चांगली ठाऊक होती. आत रक्त गोठायचं थांबलं की असं होतं.

"दाऊदभाई, जरा जोरात घ्या."

"घेता येत नाय."

"हिरड्यांतून रक्त येतंय त्यांच्या!"

त्यांनी गियर आणखी खाली घेतला.

"अहो, ऐकताय ना? गाडी ठोकली तर ठोकू द्या! माणूस जातंय इथं!"

"गाडी इथं फुटली तर पुढं काय, सिस्टर?"

"फुटेलच कशावरून? तुम्हाला नक्की माहीत आहे का?"

"नाय," ते म्हणाले. "नक्की नाय माहीत."

तेव्हा माझा तोल गेला. थकलेलं माणूस जे समोर दिसेल त्यावर आपटतं, तशी मी त्यांच्यावर आपटले. "मग नासिरला भिऊन ही गाडी जपताय तुम्ही! नोकरी जाईल म्हणून!"

त्यांनी ट्रक कडेला घेतला, थांबवला आणि खाली उतरले. मला वाटलं, आता हे मला सुनावणार. पण ते मागं गेले आणि हौद्यातलं सामान काढून रस्त्याच्या कडेला टाकायला लागले. जादा चाक, अवजारांची जड पेटी, वाळूत घालायच्या लोखंडी पट्ट्या, नासिरचा तंबू. नासिरनं एकेक वस्तू निवडून घेतलेली होती. सगळं उतरवून ते माझ्या दाराशी आले.

"सिस्टर, तुम्हीही उतरा."

"मी?"

"पुढचा चढ उभा आहे. जेवढं वजन कमी तेवढं बरं. अम्मांना पट्ट्यानं बांधून घेऊ. तुम्ही मागून चालत या. वरच्या सपाटीवर थांबतो."

मी उतरले. दुसरं काय करणार होते? उम्म नासिर यांनी तेवढ्यात माझं मनगट धरलं. "पोरी, त्याच्यावर ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. ओठांवर रक्त वाळलं होतं, तरी बोलणं स्पष्ट होतं. "मी त्याला माझा मुलगा दिला होता चालवायला. त्याला कळतं कुठं हळू जायचं ते."

ट्रक पुढं गेला आणि मी मागून चालत निघाले. ऊन डोक्यावर होतं. पुराच्या पाण्यानं वाटेत गोटे आणून टाकले होते, पायातल्या दवाखान्यातल्या चपला त्यावरून घसरत होत्या. वर कुठंतरी ट्रकचा आवाज ऐकू यायचा. दर वळणावर मी कान देऊन ऐकायची, खडे वाजतायत का. ट्रक इतका सावकाश चढत होता की मी मागं चालूनही त्याचा आवाज तुटला नाही. मला देवाचं नाव घ्यायचं होतं, पण तोंडातून शिव्याच येत होत्या. ऊन, वादळ, नासिर, दाऊदभाई, आणि हा देश मला दाखवणारा तो एजंट, सगळ्यांना देऊन झाल्या.

सपाटीवर पोहोचले तर ट्रक बंद उभा, बॉनेट उघडं. दाऊदभाई इंजिनावर कपड्यानं वारा घालत होते.

"बंद का केलीत?"

"तापलं होतं. तापलं की आणखी लवकर पेटतं. जरा निवू दे."

त्या निवण्याच्या वेळाइतका लांब वेळ मी आयुष्यात काढलेला नाही. बाईंची नाडी माझ्या बोटाखाली धावत होती. लघवी झाली तर तिचा रंग बघायचा होता, पण होत नव्हती. बोलायचं ते बोलून झालं होतं. दाऊदभाईंनी बाटलीतलं पाणी आधी अम्मांच्या ओठांना लावलं, मग मला दिलं. स्वतः प्यायले नाहीत, उरलेलं इंजिनासाठी ठेवलं.

असं आणखी एकदा थांबलो. मग उतार लागला. उतारावर त्यांनी गाडी अशी सोडली, की मी मागं पाय घट्ट धरूनही इकडून तिकडं हेलपाटत होते. शहर दिसलं तेव्हा उन्हं कलली होती. इस्पितळाच्या दारात ट्रक थांबला, माणसं स्ट्रेचर घेऊन धावली, आणि दाऊदभाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले ते बराच वेळ उठले नाहीत. ट्रक तिथंच झाडाखाली लावून ठेवला.

नासिर दुसऱ्या दिवशी आला. मस्कतहून लोकांच्या गाड्यांतून, अर्धी वाट चालत. उंच, देखणा पोरगा, दाढी वाढलेली. आईच्या खोलीबाहेर तो जमिनीवर बसून राहायचा. औषध लागू पडलं होतं, रक्त चढवलं होतं, जिवावरचं टळलं होतं. पण पाऊल काळं पडत चाललं होतं. काही दिवस वाट बघून डॉक्टरांनी ते घोट्याच्या वरून काढलं. उम्म नासिर त्यानंतर पुष्कळ जगल्या, बनावट पायावर बागेत फिरल्या, नातवंडांच्या मागं धावल्या. पण हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं?

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आले. थकलेले होते बिचारे, पुरामुळं इस्पितळ भरून वाहत होतं. नासिरनं विचारलं, "पाय वाचला नसता का?"

"तासभर आधी आणलं असतं तर कदाचित," ते चालता चालता म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडं गेले. त्यांच्या दृष्टीनं ते एक साधं वाक्य होतं.

दाऊदभाई आवारात ट्रकच्या सावलीत बसले होते. नासिर तरातरा तिकडं गेला. मी मागोमाग.

"त्या घाटातून मी दोन तासांत येतो," नासिर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "तुला सकाळपासून संध्याकाळ लागली."

दाऊदभाई उठून उभे राहिले.

"इंजिन जपलंस माझं. कुणी सांगितलं होतं? मी ओरडेन म्हणून? नोकरी जाईल म्हणून? आईचा पाय गेला, चाचा. इंजिन मात्र शाबूत आहे."

घाटात मी हेच बोलले होते, जवळपास याच शब्दांत. दाऊदभाईंनी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

"नासिर, सुपर नव्हतं," मी म्हटलं. "टाकीत साधं आहे. पाय जड केला की ते ठोकायचं. मी स्वतः ऐकलंय. मीही त्यांना जोरात घ्या म्हणत होते."

"थोडंफार ठोकतं ते!" तो माझ्यावर उसळला. "ठोकत ठोकत चढते ती. माझी गाडी आहे, मला माहीत आहे. एकदा घाट चढायला काय होतंय?" मग दाऊदभाईंकडं वळून म्हणाला, "नसती चढली का? तू सांग."

दाऊदभाई एक शब्द जरी स्वतःच्या बाजूनं बोलले असते, तरी मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "चढलीही असती, बेटा. मला नाय माहीत. अम्मा मागं होत्या. मी करून बघितलं नाय."

नासिरनं हात पुढं केला. दाऊदभाईंनी खिशातून किल्ली काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. तो ट्रकमध्ये बसला. आम्हाला वाटलं, नुसतं इंजिन चालू करून ऐकेल. पण ट्रक झाडाखालून उसळी मारून निघाला, फाटकाबाहेर गेला आणि घाटाच्या दिशेनं वळला. लांबवर त्याचा आवाज चढत गेला. दाऊदभाई फाटकापर्यंत धावत गेले. त्या वयात त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. मी दोनदा वर जाऊन उम्म नासिरना पाहून आले. शुद्धीवर येत होत्या, मुलगा कुठं आहे विचारत होत्या. खाली आहे, म्हटलं. दाऊदभाई फाटकाशी एका दगडावर बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा आणला, तो निवून गेला. मला त्यांची माफी मागायची होती, त्या घाटातल्या बोलण्याबद्दल. मी शब्द जुळवत होते तर ते आपणच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही झोपा थोडं. डोळे बघा कसे झालेत."

"आणि तुम्ही?"

"गाडी जोरात नेली त्यानं. रागात हात सुटतो."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले.

मगरीबची, सूर्य बुडतानाची बांग व्हायच्या सुमारास रस्त्यावर एक माणूस येताना दिसला. चालत. दुरून ओळखू येईना, पांढरा झगा काळा झाला होता. जवळ आला तेव्हा कळलं, तेल होतं. हातांना, छातीवर, एका गालावर. नासिर होता. त्याच्या चपलांचे बंद तुटले होते आणि तो त्या फरफटत आणत होता.

तो आमच्यासमोर येऊन थांबला. मग त्यानं मूठ उघडली. आत किल्ली होती, तिच्याकडं तो बघत राहिला.

"पहिल्याच चढावर," तो म्हणाला. "वळणसुद्धा आलं नाही. आधी ठोकली, मग खालून धूर, मग..." त्यानं हात नुसता हलवला. "इंजिन आटपलंच. डोंगर सगळा पुढं होता, चाचा. सगळाच्या सगळा पुढं."

दाऊदभाई दगडावरून उठले. मला वाटलं, आता ते काही म्हणतील. इतके दिवस मनात धरलेलं, निदान एक वाक्य. तो हक्क त्यांचा होता. पण त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, नासिरचा चेहरा दोन्ही हातांत धरून दिव्याच्या उजेडाकडं वळवला आणि गालावरचं तेल पुसून खाली नीट बघितलं.

"लागलं नाय ना कुठं तुला?"

नासिरनं मान हलवली. मग तो एवढा थोरला पोरगा त्यांच्या खांद्यावर कोसळला, आणि त्यांचा पांढरा सदराही काळा झाला.

"चल," दाऊदभाई म्हणाले. "हात धू. अम्मा विचारतायत."